फेझंटच्या शिकारीचा शनिवार

॥ श्री ॥

र्युसेल्सहाइम,
६ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. शोभनाताईस,
देवदत्तचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबांना ऐकू येईनासं झाल्यापासून आपल्या घरात पत्रं पुन्हा सुरू झाली, ती त्यांच्यापुरतीच राहतील असं वाटलं होतं. पण फोनवर आपण दोघं लगेच भांडायला लागतो. पत्रात निदान तुला मधेच तोडता येत नाही, म्हणून तुलाही लिहूनच पाठवतोय, ई-मेलने. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच, नाहीतर कुणाला तरी भलतंच औषध देशील.

इकडे सगळे मजेत. ऊर्जा चौथीत गेली. मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. परवा ईप्सितानं कारल्याची भाजी वाढली तर बाईसाहेब जर्मनमध्ये असं काही लांबलचक ऐकवत राहिल्या की मला तुझी आठवण झाली.

आता मुद्द्याचं. माझं कंत्राट मार्चअखेर संपतंय. पुढे कायमची नोकरी मिळाली नाही, तर व्हिसापासून भाड्याच्या घरापर्यंत सगळंच टांगणीला लागेल. आमचे साहेब, हेर ब्रिंकमान, शिकारीचे मोठे शौकीन आहेत. दर नोव्हेंबरात ते ऑफिसातल्या दोघातिघांना घेऊन बव्हेरियातल्या एका शिकारी लॉजवर जातात. तिथे फेझंट मारतात. फेझंट म्हणजे रानकोंबड्यासारखा, लांब शेपटीचा पक्षी. गाइड, कुत्री, राहणं, रात्रीची मेजवानी, सगळं पॅकेज असतं. यंदा त्यांनी मला विचारलं, येतोस का. खर्च ज्याचा त्यानं करायचा. आकडा लिहीत नाही, तुला घेरी येईल. आम्हा तिघांचं तिकडे यायचं तिकीट जवळजवळ त्यात बसतं, एवढंच सांगतो.

आणि अडचण नेमकी तीच आहे. शिकार सोळा नोव्हेंबरला, शनिवारी. बाबांचं सहस्रचंद्रदर्शनही सोळालाच.

मी अजून साहेबांना हो म्हटलेलं नाही. तू हिशेबाला पक्की आहेस, तूच सांग, हे परवडण्यासारखं आहे का? एक दिवस साहेबांसोबत शेतात हिंडायचं नि आयुष्यभराची चिंता मिटवायची, असं मला वाटतंय. बाबांचा समारंभ आठवडाभर पुढे ढकलता येईल का, भटजींना विचारशील? त्यांना स्वतःला मात्र एवढ्यात काही बोलू नकोस.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभाला कात्री लावू नकोस.

तुझा,
देवदत्त

॥ श्री ॥

इचलकरंजी,
९ ऑक्टोबर २०२४

चि. देवदत्तास,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिलेत. मनापासून द्यावेत अशी आज माझी अवस्था नाही. तुझं पत्र वाचून डोकं असं सणकलं की दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलेय.

परवडतं का म्हणून विचारतोस? कुणाला विचारतोस? बाप ऐंशी वर्षांचा झाला, एक हजार चंद्र बघितले त्याने, आणि तू त्याच्यासमोर कोंबडी ठेवून तराजू धरायला मला सांगतोस? एवढी हौस असेल तर इकडे ये. तुझे भाऊजी रविवारी बाजारातून आणतात, सुरी तुझ्या हातात देतील. पॅकेज काय, मसाला मी वाटते.

आणि पुढे ढकला म्हणे! भटजींना विचार म्हणे! अरे, हॉल ठरला, आचारी ठरला, मिरजेची आत्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलून येतेय. बाबांनी तुझ्यासाठी फेटा आणून कपाटात ठेवलाय. रोज उघडून बघतात आणि मला विचारतात, रंग आवडेल ना त्याला. संकल्पाच्या वेळी मुलाने बापाच्या उजव्या हाताला बसायचं असतं, तेही त्यांनी दोनदा सांगितलं मला. आता मी त्यांना काय सांगू, त्या हाताला कोण बसणार?

एक गोष्ट विचारते, रागात आहे तरी नीट विचारते. तुझ्या साहेबाने तोंडाने सांगितलं का, की चल, म्हणजे नोकरी पक्की करतो? तुझ्या पत्रात तसं एक अक्षर नाही. साहेबाच्या मागेमागे हिंडलं की काम होतं, हे तुला जर्मनीत कुणी शिकवलं? हे तू इथूनच बांधून घेऊन गेलायस, मेतकुटासारखं. तिकडच्या लोकांचं तसं असतं की नाही, हे आधी विचार तरी कुणाला.

बाबांना सांगू नकोस म्हणतोस. मी तुझी सेक्रेटरी नव्हे. काय सांगायचं ते तू स्वतः लिही.

ईप्सिताला आणि ऊर्जाला पोटभर आशीर्वाद. तुझ्या वाटणीचे तूर्त माझ्याकडे ठेवून घेतलेत, तिकीट काढलंस की मिळतील.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

र्युसेल्सहाइम,
१३ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं तुझं बोलून? आता माझं ऐक. दुकानात गल्ल्यावर बसून परदेशातल्या नोकरीवर बोलणं फार सोपं असतं. मार्चमध्ये मी बायकोपोरीला घेऊन तुझ्या दारात बॅगा टाकल्या, की मग सांग मला तराजू कशाचा नि काय. प्रत्येक गोष्ट साहेब तोंडाने सांगत नसतो. काही गोष्टी आपण समजून घ्यायच्या असतात.

पैसे भरले. विषय संपला. बाबांना वेगळं पत्र लिहिलंय, ऑफिसचं टाळता न येण्यासारखं काम आहे म्हणून. एका अर्थानं ते कामच आहे. तिकडे दुपारी संकल्पाचा मुहूर्त असेल तेव्हा इकडे सकाळ असेल, त्या वेळी मी मोबाइलवर दिसेन, तेवढं बघ.

चिडलोय, तरी नमस्कार खरा आहे.

देवदत्त

॥ श्री ॥

र्युसेल्सहाइम,
२७ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. शोभनाताईंना,
ईप्सिताचा शि. सा. न.

अहो ताई, मी आणि ऊर्जा येतोय. तिकिटं मी माझ्या पगारातून काढली, ऊर्जाच्या शाळेची परवानगीही मिळाली. देवदत्तला काल सांगितलं. तो त्यानंतर बाल्कनीत जाऊन बसला, आणि मीही त्याला आत बोलावलं नाही. आमच्या घरात सध्या मिठाची बरणी मागायलासुद्धा ऊर्जा मध्ये लागते.

त्या लॉजची माहिती मी जर्मनमधून नीट वाचली. इथे बंदूक हातात धरायची तर यागडशाइन, म्हणजे शिकारीचा परवाना लागतो. त्यासाठी लोक कित्येक महिने क्लास लावतात, परीक्षा देतात. देवदत्तकडे तो नाही. मी त्याला म्हटलं, अरे, मग तू तिथे जाऊन करणार काय? तर म्हणतो, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणूनच तर गाइडवालं पॅकेज घेतलंय. आपल्याकडे टूरवाले परमिटपासून चहापर्यंत सगळं बघतात, तसंच हेही बघतील, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. साहेबांना विचार म्हटलं, तर विचारलं की अडाणी दिसू म्हणे. ताई, इतका शिकलेला माणूस, इंजिनाचा एक बोल्ट ड्रॉइंग तपासल्याशिवाय बसवत नाही, आणि इथे चौकशी करायची लाज वाटते! मला रडू येईना, नुसता संताप आला.

बाबांना त्याने कामाचं कारण लिहिलंय. मी आपणहून काही बोलणार नाही. पण त्यांनी समोर बसवून विचारलं, तर मला खोटं बोलता येणार नाही, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

ऊर्जाला तिकडे तिखट कमी घाला एवढीच विनंती. बाकी भेटीत. तुमची माया आम्हा दोघींवर अशीच असू द्या.

आपली,
ईप्सिता

॥ श्री ॥

र्युसेल्सहाइम,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

घसा पार बसलाय, फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. हे बाबांना दाखवू नकोस. कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही, आणि ईप्सिता फोन उचलत नाही.

शनिवारी सकाळी सगळ्यांना अंगणात उभं करून त्यांच्या म्होरक्यानं परवाने तपासले. माझ्यापाशी आल्यावर मी म्हटलं, मी पॅकेजमधला पाहुणा आहे. त्यानं मान डोलावली, मला नारिंगी जाकीट दिलं, हातात एक काठी दिली, आणि दुसऱ्या ओळीत पाठवलं. परवाना नसलेला पाहुणा ट्राइबर म्हणून चालतो, म्हणजे रान उठवणारा. हे कागदावर छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. मोबाइल तिथेच बंद करायला लावले. तुमचा संकल्प चालला होता तेव्हा मी बिटाच्या शेतात चिखलात उभा होतो.

दिवसभर ओरडत चालायचं, ताई. काठीनं झुडपं बडवायची, होप होप करत पक्षी उठवायचे, की पलीकडे उभे असलेले ब्रिंकमान नि मंडळी त्यांना पाडणार. एकदा छर्रे पावसासारखे टोपीवर पडले. मी खाली बसलो, तर शेजारचा हसला आणि म्हणाला, काही होत नाही त्यानं.

दुपारी बंदूकवाले लॉजच्या हॉलमध्ये जेवायला गेले. मीही निघालो. पण जाकीट बघून दारातल्या माणसानं मला गोठ्यामागच्या शेडकडे बोट दाखवलं. ब्रिंकमाननी ते बघितलं, लांबून हात हलवला आणि आत गेले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच मला जास्त लागतंय. त्यांना वाटलं, मी तिथेच जायचा असणार. शेडमध्ये गावातली माणसं वाटाण्याचं सूप पीत होती. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, दिवसाचे तुला किती देतात. मी म्हटलं, तुमच्याइतकेच. मी पैसे भरून आलोय हे माझ्या तोंडून बाहेरच पडेना.

येताना गाडीत मी धीर करून कंत्राटाचं काढलं. ब्रिंकमानना खरोखर आश्चर्य वाटलं. म्हणाले, ते पेर्सोनालआपटाइलुंग, म्हणजे नोकरभरतीचं खातं ठरवतं, बजेट बघून, आणि मी शिकार नि काम कधी एकत्र करत नाही. मला निसर्गाची आवड असावी म्हणून त्यांनी बोलावलं होतं म्हणे. निसर्गाची आवड! असं वाटलं गाडीतून उडी मारावी. निघताना त्यांनी माझ्या हातात दोन फेझंट दिले होते, पाय बांधलेले. ते मी शेडमधल्या त्या म्हाताऱ्याला देऊन टाकले.

तू म्हणालीस तेच झालं. त्याचा सगळ्यात जास्त राग येतोय. मेजवानीही जेवलो नाही. आता तू हवं ते बोल, पण बोल.

तुझा,
देवदत्त

॥ श्री ॥

इचलकरंजी,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. देवदत्त यास,
दिनकरचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शोभनाने मला दिलं. ती देत नव्हती, मी मागून घेतलं, तेव्हा तिच्यावर जाळ काढू नकोस. कामाचं कारण खोटं आहे हे मला आधीच कळलं होतं. समारंभाच्या आदल्या दिवशी सूनबाईला समोर बसवून विचारलं, तिने खरं ते सांगितलं. मला काय राग यायचा तो तेव्हाच आला. तुझं पत्र वाचून तो दुप्पट झाला.

एक गोष्ट तुम्हा भावंडांना मी कधी सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी नव्हती. तू परवा जे केलंस ते तुझे आजोबा करत. आपल्या गावाकडच्या डोंगरात संस्थानच्या सरकारांची शिकार असायची. आदल्या संध्याकाळी कोतवाल घरोघर सांगून जायचा, उद्या हाका. डबे बडवत, ओरडत रानातून चालायचं आणि जनावर बंदुकीसमोर घालायचं. भात कापायला आलेला असला तरी जावं लागे. मी तेव्हा अगदी लहान, पण वडील संध्याकाळी घरी यायचे ते आठवतं. त्यांच्या तोंडून आवाज फुटायचा नाही. आई हळदीचं दूध द्यायची आणि हळू आवाजात सरकारांना शिव्या घालायची. काही खाल्लंत का विचारलं, तर हाताने खूण करायचे, म्हणजे सरकारांची पंगत उठल्यावर, गोठ्याच्या अंगाला बसून खाल्लं.

पण देवदत्त, त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं की पाठीवर वळ उठायचे. तुला साहेबाने नुसतं विचारलं होतं. तू पैसे भरून गेलास, आणि बापाला खोटं लिहून गेलास. त्या भल्या माणसाला शिव्या घालून काय उपयोग? तुला नाही म्हणता येत होतं रे.

आता समारंभाचं. संकल्पाला भटजी म्हणाले, मुलगा नाही तर जावयाला बसवा. जावई उठलेही. मी म्हटलं, मुलगी बसेल. भटजी कुरकुरले, मला तसंही ऐकू येत नाही, मी ऐकलं नाही. शोभना माझ्या उजव्या हाताला बसली. नंतर मी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, की माझं यापुढे जे काही व्हायचं, अगदी शेवटचं धरून, ते शोभनाच्या हातून व्हायचं. देवदत्तची वाट बघत मला ताटकळत ठेवू नका.

सूनबाई रडली. बाबा, रागाच्या भरात बोलू नका, असं तिने पाटीवर लिहून दाखवलं. राग होताच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तरी मला तसंच वाटलं, आणि आज हे लिहितानाही तसंच वाटतंय. शोभना नको म्हणतेय, तुझी बाजू घेऊन माझ्याशी भांडतेय. तिचं मी ऐकणार नाही.

तू ये. सुट्टी मिळेल तेव्हा ये, हवा तितका राहा, बहिणीशी भांड, पोरीला घेऊन शेतावर जा. नोकरी गेली तरी ये, घर तुझं आहे आणि दोन वेळचं जेवण कुठे गेलं नाही. पण मी गेल्यावर धावतपळत विमान पकडू नकोस. तुझ्यावाचून काही अडणार नाही, अशी व्यवस्था मी केली आहे.

घशाला गरम पाणी घे. आशीर्वाद वर लिहिलेत ते खरे आहेत, ते काही मी मागे घेतलेले नाहीत.

तुझा,
बाबा