ए पट्टीचा बाजा

टर्नर्स बेंड, मिसिसिपी
२ एप्रिल १९६४

चि. अर्डेला हिस,
झेनोबियाआत्याचे अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र आणि वाचनालयाच्या पायरीवरचा फोटो मिळाला. फोटोत हसायला तिकडे मनाई आहे का गं? आणि गळ्याची हाडं मोजून घ्यावीत इतकी वाळली आहेस. पुस्तकं खाऊन पोट भरत नाही.

आता कामाचे. नदीचा बंधारा रुंद करणार आहेत आणि आपल्या माउंट नेबो चर्चमागची दफनभूमी त्यात जाते आहे. वीस तारखेला कबरी उचलून टेकडीवर नेतील. ज्याचं नाव सांगता येईल त्याला त्याची जागा, ज्याचं सांगता येणार नाही ते सगळे एका खड्ड्यात.

तुझ्या बाबाच्या कबरीवर नावाची फळी उरलेली नाही. अकरा वर्षांपूर्वी वायली मला भेटायला आला, न्यूमोनियाने गेला, आणि त्याच दुखण्याने मी अंथरुणाला खिळलेली. त्याला माती द्यायलाही मला उठवलं नाही. त्याच आठवड्यात शेजारी आणखी एकाला पुरलं. पुढे चर्चचा कारभार पाहणाऱ्या म्हाताऱ्या डीकनांनी डावीकडची कबर वायलीची म्हणून दाखवली आणि तीच मी झाडत आले. पण ते डीकन शेवटी शेवटी बायकोलाही बहिणीच्या नावाने हाक मारत.

म्हणून नव्या डीकनांनी, होरेस प्रॅटरांनी, शोध घेतला. माणसाने शेवटी हाताळलेली वस्तू आपण कबरीवर ठेवतो, ती तरी सापडेल, असं त्यांच्या मनात आलं. तर दोन्हीकडे निघाले माउथऑर्गनच! डावीकडच्या बाज्याच्या पत्र्यावर ‘ई’, उजवीकडच्यावर ‘ए’. एका बाज्याची एकच पट्टी, हे मलाही कळतं. वायलीच्या आगगाडीच्या गाण्याची ती ग्रामोफोनची तबकडी कोणत्या पट्टीत, असं डीकनांनी विचारलं. सगळं चर्च एका सुरात म्हणालं, ई! झालं. डावीकडची वायलीची. माझा जीव भांड्यात पडला.

दगडावर कोरायला एक ओळ पाठव. तू शिकलेली. लोभ आहेच, तो जेवणावरही असू दे.

तुझी
झेनोबियाआत्या

शिकागो
८ एप्रिल १९६४

ती. आत्यास,
अर्डेलाचा सा. न. वि. वि.

हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवते आहे. कृपा करून ते वाचल्यावाचल्या डीकनसाहेबांकडे जावे. कबर चुकली आहे.

दगडासाठी ओळ सुचेना, म्हणून मी ऑस्बर्न टिलीकाकांकडे गेले. त्या तबकडीवर बाबांच्या जोडीला गिटार त्यांचीच आहे. ते रविवारी ज्या गुत्त्यात वाजवतात, त्याच्या दारात मी किती वेळ उभी राहिले, हे लिहायला मला संकोच वाटतो. अखेर त्यांनीच आतून ओरडून विचारले, की ही वायलीची लेक दार विकत घ्यायला आली आहे का.

मी हकीकत सांगताच त्यांनी कपाळावर हात मारला. ते म्हणाले, की गाणे ई पट्टीतले असले तर ई पट्टीचा बाजा घेतात ते चर्चमधले भाविक. तुझा बाप घ्यायचा ए! सरळ फुंकून भजन निघते, आगगाडीचा हुंदका निघत नाही. तो हवा असेल तर दुसऱ्या पट्टीचा बाजा घ्यावा लागतो आणि श्वास बाहेर सोडण्याऐवजी आत ओढावा लागतो. मग सूर वाकतो. नदीकाठी असे वाजवणारा पहिला माणूस वायली, आणि त्याच्याच गावाला ते माहीत नाही, असे म्हणून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, की आज शिकागोतले प्रत्येक पोर जो श्वास आत ओढते, तो तुझ्या बापाचा आहे.

डीकनसाहेबांचा विश्वास बसला नाही तर एक खूण आहे. बाबा इतक्या जोराने ओढत, की त्यांच्या बाज्यात चौथ्या भोकाची आतल्या श्वासाची पितळी जीभ नेहमी तुटे. उजवीकडचा बाजा उघडून पाहावा.

बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यांचा बोलण्याचा आवाज मला आठवत नाही, केवळ तबकडीवरचा श्वास ठाऊक आहे. आत्या, त्यांना खड्ड्यात जाऊ देऊ नका.

तुमची
अर्डेला

टर्नर्स बेंड
१२ एप्रिल १९६४

चि. अर्डेला हिस अ. उ. आ.

तुझे पत्र घेऊन मी प्रार्थना चालू असतानाच डीकनांपुढे जाऊन उभी राहिले. गावासमोर दिलेला निकाल फिरवायचा म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. म्हणाले, गुत्त्यातल्या माणसाच्या सांगण्यावर कबरी हलवायच्या का? मी म्हटलं, होरेस, तुला मी डायपरमध्ये पाहिलं आहे, आण तो स्क्रू-ड्रायव्हर.

लाकूड कुजून गेलं होतं, पितळ शाबूत होतं. डावीकडच्याच्या सगळ्या जिभा धड. उजवीकडच्याची चौथी मुळातून तुटलेली. डीकनांनी वहीत नाव बदललं.

पण आता दुसराच घोर लागला आहे. डावीकडे झोपलाय तो कोण? खड्ड्यात आता तो जाईल. टिलीला विचार. इथे कुणालाच आठवत नाही.

आत्या

शिकागो
१५ एप्रिल १९६४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मी वाचनालयात उभ्याउभ्याच वाचले आणि जिथे बोलायला मनाई आहे तिथे मोठ्याने रडले. आमच्या मुख्य बाईंनी मला पाणी दिले, रागावल्या नाहीत.

टिलीकाका म्हणतात, की ते आणि बाबा तिकडे गावी असताना नदीपलीकडून आलेला एक जण कापसाच्या गिरणीत कामाला होता. जेवणाच्या सुट्टीत तो ई पट्टीत सरळ भजने वाजवी. बाबा त्याला चिडवीत, की तू फुंकून फुंकून देवाची झोप मोडशील. त्यावर तो म्हणे, की तू ओढून ओढून सैतानाला घरात घेशील. दोघांचे चांगले जमत असे. नाव सीफस बँक्स. गिरणीच्या जुन्या हजेरीपटात पाहावे.

दगडावर केवळ नाव आणि साल असावे. मी पुष्कळ ओळी लिहिल्या आणि सगळ्या खोडल्या. वीस तारखेपर्यंत मला झोप येईलसे वाटत नाही.

तुमची
अर्डेला

टर्नर्स बेंड
२१ एप्रिल १९६४

चि. अर्डेला हिस,
आत्याचे अ. उ. आ.

आता झोप. काल सगळं पार पडलं. हजेरीपटात सीफस बँक्स सापडला, १९५३ च्या फेब्रुवारीत नाव कापलेलं, पुढे ‘मृत’. खड्ड्यात दोघांपैकी कुणीच गेलं नाही. टेकडीवर दोघं शेजारीशेजारीच आहेत. डीकनांनी ज्याचा बाजा त्याच्या उशाशी ठेवला आणि त्याआधी पुन्हा पुन्हा अक्षर तपासून पाहिलं.

एक गोष्ट तुला कळवायला हवी, हसायचं असेल तर हास. अकरा वर्षं दर महिन्याला मी त्या डावीकडच्या कबरीपाशी खुर्ची टाकून वायलीला बोल लावत होते. आई आजारी असताना गाडी पकडून गेलास, तबकडी निघाली तरी एक ओळ लिहिली नाहीस, लेकीला एकदाही आणून दाखवली नाहीस, सगळं सगळं. ते सारं बिचाऱ्या बँक्सनं ऐकून घेतलं. काल मी आधी त्याची माफी मागितली.

मग खुर्ची उचलून उजवीकडे ठेवली आणि आईच्या आजारपणापासून पुन्हा सुरुवात केली. ऊन कलेपर्यंत बोलत होते. तुझा बाबा मध्ये एकदाही तोंड उघडून बोलला नाही. जिवंतपणी हे त्याला कधी साधलं नव्हतं. शेवटी माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं. मग मी नुसतीच बसले त्याच्यापाशी, बहीण बसते तशी.

जूनमध्ये ये. एक खुर्ची तुझ्यासाठी मागून ठेवली आहे. ममता आहे ती अशीच दोन्हीकडून राहो.

तुझी
झेनोबियाआत्या