दारावरची खडूची तारीख

आबा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी आज तुम्हाला वाशीतल्या आपल्या बैठ्या चाळीतल्या त्या निळ्या ड्रमाबद्दल लिहायला बसले आहे. नव्वदीतली गोष्ट. तुम्ही मलेरिया खात्यात होता. घरोघरी पिंपात टॉर्च मारून डासांच्या अळ्या शोधायच्या आणि सगळं ठीक असलं की दारावर खडूनं तारीख टाकायची. दर रविवारी सगळ्यांनी पिंपं रिकामी करून घासायची, हा तुमचा दंडक. लोक वैतागायचे, पण परक्याच्या घरी तुम्ही स्वतः बघितल्याशिवाय खडू उचलत नव्हता. आपल्या घरी मात्र उंबऱ्यातूनच विचारायचात, "घासलास का गं ड्रम?" मी "हो" म्हटलं की पडली तारीख.

नागपंचमीला शेजारच्या माझ्या मैत्रिणीनं माझ्या हातांवर मेंदी काढली. रंग जाईल म्हणून त्या रविवारी मी ड्रमाला हातच लावला नाही. पुढच्या रविवारी निव्वळ आळस. दोन्हीदा तुम्हाला "हो" म्हटलं. मग तीच मैत्रीण तापली. डेंग्यू. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, प्लेटलेट उतरत चालल्या. तिची आई दवाखान्याच्या पायरीवर बसून नुसती "माझी पोरगी, माझी पोरगी" करत होती.

तुमचे साहेब आले, तिच्या आजूबाजूची सगळी घरं तपासत आपल्या ड्रमाशी थांबले. पाण्यात अळ्या वळवळतायत, दारावर तुमची तारीख. सगळी चाळ गोळा झालेली. "काय हो, हे बघितलं होतं ना?" तुम्ही एकदाच माझ्याकडे बघता. मी आईच्या मागे सरकते. "बघितलं होतं साहेब. माझी नजर चुकली," तुम्ही म्हणता. तुम्हाला मेमो मिळाला. चाळीत मान खाली घालून फिरलात, पण मला एका शब्दानं बोलला नाहीत. एक थोबाडीत दिली असतीत तरी परवडलं असतं हो!

मैत्रीण वाचली. आता उलव्याला राहते. हे पत्र खरं तर तिच्या दारात टाकायला हवं, पण माझी छाती होत नाही. परवा ती जेवायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "तुझे आबा एवढे कडक, त्यांच्याकडून कसं राहिलं गं?" मी तिच्या पानात पोळी वाढत म्हटलं, "तेव्हा त्यांना कमी दिसायला लागलं होतं."

तुम्हाला शेवटपर्यंत चष्मा लागला नाही, आबा.