नदीसाठी राखलेलं पाणी

३ मार्च
तीन राज्यांचं संयुक्त नदी प्राधिकरण होणार. पाणीवाटपाचा मसुदा माझ्याकडे. तिन्ही प्रतिनिधींना मी वरचे, मधले, खालचे म्हणते. नदी त्याच क्रमाने जाते. वीस टक्के पाणी कोणालाच न देता नदीत ठेवलंय. ती वाहती राहायला तेवढं लागतंच. यात तडजोड नाही. मी भिडस्त नाही.

९ मार्च
पहिली बैठक. वरच्यांनी विचारलं, हे वीस टक्के कोणाचे? नदीचे, म्हटलं. नदीतर्फे कोण आलंय, म्हणून त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. सगळे हसले. मी हसले नाही. मुद्दा पोचला असावा.

१७ मार्च
वरच्यांना चार टक्के दिले. ही तडजोड नव्हे, फाइन ट्यूनिंग. सोळा हा आकडा तसाही जास्त नीटनेटका.

२५ मार्च
मधले रुसले. समतोलासाठी त्यांना सहा. खालचे म्हणाले, आम्ही काय सावत्र? त्यांनाही सहा. उरले चार. संगणकातलं नदीचं मॉडेल चारावरही चालतं, फक्त बाष्पीभवनाचा कॉलम बंद ठेवावा लागतो.

आईचा फोन. म्हणे, "तुझ्याने कधी कोणाला नाही म्हणवलंय? शेजारच्या मुलीने नेलेली तुझी सायकल अजून यायचीय." हा तांत्रिक विषय आहे, असं तिला शांतपणे सांगितलं.

२ एप्रिल
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. प्राधिकरणावर तांत्रिक सदस्य म्हणून माझं नाव जवळपास नक्की. फक्त ते चार टक्के आड येतायत.

"मॅडम, नदीने आजवर एक तरी तक्रार केलीय का?"

मी ठाम राहिले. चार टक्के काढले, पण प्रस्तावनेतला 'जीवनदायिनी' हा शब्द काढू दिला नाही.

१० एप्रिल
करार एकमताने मंजूर आणि लगेच लागू. तिन्ही राज्यांच्या धरणांचे दरवाजे बंद. उद्घाटन नदीकाठी, तिन्ही मंत्री एका होडीतून फेरी मारणार. मी तांत्रिक सदस्य. अखेर शास्त्राचं ऐकलं गेलं.

१४ एप्रिल
होडी मंत्र्यांसकट चिखलात रुतली. टँकर आणून पाणी सोडायचं ठरलं. ते कोणाच्या वाट्यातून, यावर वाद पेटला आणि प्राधिकरणाची पहिली बैठक होडीतच सुरू झाली. इतिवृत्त तांत्रिक सदस्याने लिहावं, असं एकमत झालं. मी साफ नाही म्हणणार होते. पण तोवर चपला हातात घेऊन गुडघाभर चिखलात उतरले होते.