मनस्विनीचे औषध बंद पडू नये म्हणून

मी, सिंधु आनंदराज कसबे, वय एकाहत्तर, धर्म ख्रिस्ती, निवृत्त परिचारिका, राहणार देगलूर रोड, उदगीर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. मात्र मला भीती वाटते. वकील रेणुकादास जोशी यांनी हे वाक्य गाळायला सांगितले. भीतीपोटी केलेले मृत्युपत्र कोर्टात अडचणीत येते असे ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की ही भीती मला कोणी घातलेली नाही, घरात जे चालले आहे त्याची आहे. ते म्हणाले, मग राहू द्या.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दुसरे दाखवले तर ते खोटे समजावे.

१) माझे पती आनंदराज सहा वर्षांपूर्वी वारले. बसस्टँडजवळ त्यांचे पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देण्याचे दुकान होते. एकदा एका शेतकऱ्याने त्यांना गमतीने विचारले होते, तुम्ही येशूचे लोक, मोटार जळाली की प्रार्थना करता का? ते म्हणाले, "करतो की. अन् मग तार भरतो." आमच्या घरातला विश्वास एवढाच होता. दर महिन्याला जुन्या देवळात, म्हणजे आमच्या जुन्या चर्चमध्ये, दानाचे पाकीट टाकायचे, त्याच्या बदल्यात काही मागायचे नाही. गरिबीची लाज नव्हती आणि तिचे कौतुकही नव्हते.

मला दोन अपत्ये. मुलगी अक्षरा मुदखेडला शाळेत शिकवते, जावई रेल्वेत आहेत. मुलगा आलोक, सून शिवांगी व त्यांची मुलगी मनस्विनी, वय अकरा, माझ्याजवळ याच घरात राहतात.

२) दुकानातील वाइंडिंगची मशीन, सर्व अवजारे व दुकानाचे नाव आलोकला द्यावे. तो कारागीर वडिलांपेक्षा चांगला आहे. हे मी त्याला तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून येथे लिहिते.

३) आशीर्वाद मंडळी, नांदेड, हिला किंवा तिचे पुढारी ब्रदर सत्यम यांना माझ्या मिळकतीतील काहीही देऊ नये, माझ्या नावाने कोणी दान करू नये. कारण लिहिणे भाग आहे.

दुकान मंदावले होते तेव्हा आलोक त्यांच्या सभेला जाऊ लागला. ब्रदर सांगत की देव राजा आहे, राजाची लेकरं फाटक्यात राहिली तर त्यात राजाचा अपमान आहे. विश्वासाने पेरा, भरून मिळेल. आलोकने पेरले. शिवांगीने हातातल्या बांगड्या दानाच्या टोपलीत टाकल्या. पुढे खरोखरच दुकान चालू लागले. मी हे लपवत नाही. श्रीमंती पाप आहे असेही मी म्हणत नाही. पण माझे पती हृदयविकाराने गेले तेव्हा हेच ब्रदर आमच्या ओसरीवर, शवपेटीजवळ उभे राहून म्हणाले की या घरात विश्वास पुरता असता तर आज ही वेळ आली नसती. आलोकने मान हलवली. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या मुलाला घाबरले.

४) मनस्विनीला आठव्या वर्षी मिरगीचे झटके सुरू झाले. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि झटके थांबले. गेल्या वर्षी चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेत, ब्रदरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला व ती बरी झाल्याचे जाहीर केले. आलोकने माईकवर साक्ष दिली. मग लेकराच्या हातात माईक दिला आणि तिच्याकडून गोळ्यांचे पाकीट स्टेजवरून खाली टाकून घेतले. लोक टाळ्या वाजवत होते. मी तिसऱ्या रांगेत होते. चाळीस वर्षे दवाखान्यात काढलेल्या बाईला माहीत असते की ही गोळी एकदम बंद केली तर काय होते.

आठवड्याच्या आत ती चहा गाळताना कोसळली. दंडावर भाजल्याचा डाग आहे. शिवांगीने शेजारी सांगितले की चहा सांडला. मी आलोकला म्हणाले, गोळी सुरू कर. तो म्हणाला, "आई, आता गोळी दिली तर मी देवाला खोटं पाडलं असं होईल." एवढेच बोलून तो उठला. त्याच साक्षीनंतर मंडळीतल्या एका कारखानदाराने त्याला मोटारींचे मोठे काम दिले होते, दारात गाडी आली होती. पोर बरी झाली नसेल तर ते काम, ती गाडी आणि तो आशीर्वाद, सगळ्याचेच काय, हा प्रश्न त्याच्यासमोर उभा होता. मी घाबरलेली होते, पण तो माझ्याहून जास्त घाबरलेला होता.

तेव्हापासून मनस्विनीला सकाळ-संध्याकाळ गोळी मीच देते, आलोक घरात नसताना. शिवांगीला माहीत आहे. ती त्या वेळी अंगणात कपडे वाळत घालायला जाते, वाळलेले असले तरी.

एकदा गोळी हातात घेऊन मनस्विनीने मला विचारले, "आजी, मी ही घेतली तर पप्पाचं काम बंद पडंल का?"

मी म्हणाले, न्हाई बाई. ती म्हणाली, "मग देव रागवत न्हाई ना आपल्या घरावर?" मी म्हणाले, न्हाई रागवत. तिने गोळी गिळली. चुलीपासून कारखान्यापर्यंत सगळ्या घराचा भार त्या लेकराने आपल्या डोक्यावर घेतला होता. आणि खरे सांगायचे तर मलाही कधीकधी वाटते, ब्रदर म्हणतात ते खरे असले तर? माझ्याच अविश्वासामुळे ती बरी होत नसेल तर? असे वाटले तरी मी गोळी देते. देवासमोर उभी राहीन तेव्हा याचा जबाब मी देईन, मनस्विनीला विचारू नये.

५) माझ्या हृदयाची झडप खराब आहे व या वयात ऑपरेशन नको असे ठरले आहे. मी गेल्यावर गोळी कोण देणार, या एका प्रश्नासाठी हे मृत्युपत्र आहे. म्हणून:

राहते घर व त्याच्या पुढचे दोन गाळे मनस्विनीला द्यावेत. ती सज्ञान होईपर्यंत अक्षराने व्यवस्थापक म्हणून सांभाळावेत. गाळ्यांचे भाडे आधी औषध व तपासणीवर खर्च करावे, उरलेले शिक्षणावर. दर तीन महिन्यांनी अक्षराने मनस्विनीला स्वतः नांदेडच्या डॉक्टरांकडे न्यावे. आलोक व शिवांगी यांना या घरात राहण्याचा हक्क राहील. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषध बंद केल्यास तो हक्क संपेल.

आलोक, हे तुझ्याविरुद्ध लिहिताना माझे अक्षर वाकडे आले आहे. ते म्हातारपणामुळे नाही.

६) माझी सोन्याची साखळी शिवांगीला द्यावी. घालण्यासाठी देत आहे, टोपलीसाठी नाही. पण एकदा दिल्यावर ती तिची, तिच्यावर माझी हुकमत चालणार नाही.

७) बँकेतील ठेवीपैकी निम्मी मनस्विनीच्या नावे ठेवावी व निम्मी जुन्या देवळाच्या कब्रस्तानाची पडलेली भिंत बांधण्यासाठी द्यावी. भिंतीवर माझे नाव घालू नये.

८) मला आनंदराजांशेजारी पुरावे. जुन्या देवळाच्या पाळकांनी प्रार्थना करावी. स्टेज, माईक, चित्रीकरण नको. माझ्या मरणाला कोणी विश्वासाची कमतरता म्हणू नये. म्हटले तर अक्षराने त्या माणसाला बाहेरची वाट दाखवावी.

९) सही करण्यापूर्वी जोडलेला मजकूर.

गेल्या बुधवारी आलोकला गोळ्या सापडल्या. पाकीट हातात घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. देऊन राहिलीस का, असे विचारले. मी म्हणाले, हाव, देते. कधीपासून? मी सांगितले, ती चहा गाळताना पडली तेव्हापासून. त्याच्या ध्यानात आले असावे की वर्षभर झटका का आला नाही. तो खाली बसला. "म्हणजे ती बरी झालीच न्हाई," एवढेच म्हणाला. मला वाटले आता पाकीट फेकून देईल, मला हाताला धरून उठवील. त्याने ते होते तिथे ठेवले आणि दुकानात निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

आज रविवारी लातूरला मोठी सभा आहे. तिथे मनस्विनीला पुन्हा साक्षीला उभे करणार आहेत. तिचा नवा झगा मी इस्त्री करून दिला, दुसरे काही करता आले नाही. आलोकने गाडी सुरू केली. मग ती तशीच चालू ठेवून तो एकटा आत आला, दाराजवळ थांबला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आई, सभा लांबली तर संध्याकाळची गोळी जेवायच्या आधी द्यायची का मागून?"

मी म्हणाले, जेवल्यावर दे. त्याने पाकिटातल्या पट्टीतून एक गोळी कापून घेतली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, खिसा दोनदा चापपला आणि गेला.

तो स्टेजवर काय बोलेल मला माहीत नाही. वरील एकही कलम मी खोडत नाही. ते परत येईपर्यंत मी दारातच बसणार आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनासारखे आहे, आणि खालील दोघांच्या समक्ष मी सही केली. या दोघांना या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही.

सही: सिंधु आनंदराज कसबे

साक्षीदार:
१. गुरुलिंग शिवमूर्ती मठपती, निवृत्त शिक्षक, शेजारी (सही)
२. तनुजा शेषेराव बिरादार, औषध दुकानदार, देगलूर रोड (सही)

स्थळ: उदगीर
दिनांक: २३ फेब्रुवारी २०२५, रविवार