चंदू आता शांत बसतो

घाटकोपर,
फेब्रुवारी १९८६

प्रिय गुणा,

काल माझी शाळा सुटायच्या वेळेला जानकी फाटकाशी येऊन उभी होती. तुझा निरोप तिने तुझ्याच शब्दांत सांगितला, ‘बायेक सांग, चंदू आता शांत बसता. आता काय नको.’ सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. नवऱ्याचा निरोप बायकोने आणला, पण त्यातला एक शब्दही तिला पटलेला नव्हता, एवढं मला कळलं. मुलुंडला तुझ्या दारापर्यंत येऊन मी परत गेले. आत माणसं असूनही कडी निघाली नाही. म्हणून लिहिते आहे. मैदानावर हजार माणसांपुढे माझी जीभ अडखळत नाही हे तू जाणतोस. भाऊ असूनही तुझ्या एकट्यापुढे मात्र कागद लागतो.

चंदू पहिल्यापासून कसा होता, ते तुला, त्याच्या बापाला, सांगायला नको. वर्गात बूड टेकत नाही, हातातली पेन्सिल कागदाला टेकेतो त्याचं मन खिडकीबाहेर. मास्तरांनी अंगठे धरायला लावले, मग दाखला हातात दिला. दुसऱ्या शाळेनेही तेच केलं. गिरणी सुटल्यापासून तू रात्रपाळीचा वॉचमन, दिवसा झोपणार. पोर बाहेर पळू नये म्हणून जानकीच्या जुन्या लुगड्याच्या काठाने त्याचा पाय खाटेला बांधून ठेवायचास. मी ते पाहिलं आणि तुझ्यावर ओरडले, पण तुझा द्वेष केला नाही. गिरणीच्या दारातल्या सभांत मी बोलायचे तेव्हा पुढच्या रांगेत तू असायचास. ब्याऐंशीचा तो गिरणी संप कुणी मागे घेतला नाही, कुणी जिंकलाही नाही. नुसता विरत गेला आणि तुमच्यासारख्यांना रस्त्यावर ठेवून गेला. ज्याच्या हातातून माग काढून घेतला, तो माणूस घरात हुकूम चालवू लागतो. हे मी पुस्तकांत वाचलं होतं. तुझ्या खोलीत ते डोळ्यांनी पाहिलं.

म्हणूनच मी चंदूला नलिनीबाईंकडे नेलं. त्या दवाखान्यात लुळ्या हाताला घास उचलायला शिकवतात, थरथरत्या बोटांना बटण लावायला शिकवतात. त्यांच्या कामाला इंग्रजीत ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. त्यांनी चंदूला तासभर नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, मूल वेडं नाही, व्रात्यही नाही, त्याचं लक्ष टिकत नाही आणि ते टिकवायला शरीराची मदत घ्यावी लागेल. मग घोड्याची गोष्ट काढली. परदेशात अशा मुलांना घोड्यावर बसवून शिकवतात म्हणे. मला हसू आलं होतं. आपल्याकडे घोड्यावर बसतो तो नवरदेव!

पण घोडीही नवरदेवाचीच मिळाली. भांडुपला खाडीच्या अंगाला महादूचा तबेला. त्याचा बाप मुलुंड स्टेशनबाहेर टांगा हाकायचा. टांगे गेले, महादूने वराती धरल्या. लग्नं नसली की त्याची घोडी, मैना, नुसती उभी असायची. खोगीर नाही, पाठीवर एक घोंगडी, त्यावर चंदू. घोडी चालते तसं अंग डोलतं, आणि डोलताना पडायचं नसेल तर पोराला ध्यान द्यावंच लागतं. तिथे मास्तर नको आणि छडी नको. खाली उतरला की तिला खरारा करायचा, मग खूर साफ करायचे, मग पाणी पाजायचं, याच क्रमाने. क्रम चुकला तर मैना मान फिरवून बघायची आणि महादू म्हणायचा, ‘बघ, बाई रागावल्या.’ चंदू खदखदून हसायचा. थांबायची खूणही त्याची स्वतःची होती. लगाम ओढायचा नाही, तिच्या मानेवर पालथं पडून गळ्याला मिठी घालायची, की मैना थांबे. नलिनीबाई म्हणायच्या, जगाला थांब म्हणता येतं, हे या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कळतंय. दिवाळीनंतर एका सकाळी त्याने शर्टाची सगळी बटणं वरपासून खालपर्यंत आपली आपण लावली. जानकी मोरीच्या दारात उभी राहून रडली. तू एकदा तबेल्यात आलास आणि पोरगा ताठ बसलेला पाहून माझा दंड धरून ओरडलास, ‘माझो झील घोड्यार कसो बसता तो बघ गो बाय!’ तुझा तो चेहरा मी विसरलेले नाही. पुढचं सगळं त्या आनंदातूनच आलं, हेही मला कळतं.

जानकीच्या मावसभावाची, श्यामसुंदरची वरात निघणार होती. तू महादूकडे जाऊन मुद्दाम मैनाच ठरवलीस आणि नवऱ्यापुढे चंदूला बसवायचं कबूल करून आलास. साऱ्या चाळीने पाहावं, आपलं पोर येडं नाही. नलिनीबाई नको म्हणाल्या, मीही नको म्हटलं. तू म्हणालास, घोडी ओळखीची आहे, मग भीती कसली? घोडी ओळखीची होती रे. बँड ओळखीचा नव्हता. डोक्यावर दिवे घेतलेली माणसं, नाचणारे मामे, तो बाजा, ती बेंबीच्या देठापासूनची आरडाओरड, यांतलं काही त्याच्या ओळखीचं नव्हतं. तरी बराच वेळ तो बसला. मग वळणावर पुढे कुणीतरी फटाक्यांची माळ पसरून पेटवली, आणि चंदूने शिकवलं होतं तेच केलं. मैनेच्या मानेवर पालथा पडला. मैना जागच्या जागी थांबली. माळ पुढे तडतडत होती, घोडी मागे उभी होती. दोन मिनिटं सगळे थांबले असते तर माळ संपली असती आणि वरात पुढे गेली असती.

पण मागून कुणीतरी ओरडलं, ‘अरे, येडं झोपलं बघा घोडीवर!’ आणि लोक हसले. मी तुझ्या बाजूलाच चालत होते, गुणा. महादू ओरडत होता, ‘मारू नका, पोराने थांबवलीय तिला!’ तू पुढे झालास आणि मैनेच्या पुठ्ठ्यावर सगळ्या ताकदीने हात हाणलास. ती उसळून थेट माळेत घुसली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. श्यामसुंदर एका बाजूला पडला, चंदू तिच्या पायांशी. खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं, डोक्याला खोक पडली. मी त्याला उचललं तेव्हा तो शुद्धीत होता. माझ्याकडे नाही, तुझ्याकडे बघून म्हणाला, ‘बाबा, मी थांबवली होती तिला.’ तू म्हणालास, ‘गप बस.’

त्याने तुझं ऐकलं. त्या दिवसापासून तो गप आहे.

हाड सांधलं. खोक भरली. आता तो भिंतीशी बसतो, जेव म्हटलं तर जेवतो, ऊठ म्हटलं तर उठतो. शर्टाची बटणं परत जानकी लावते. शेजारपाजारचे म्हणतात, पोर सुधारलं, आणि तुलाही तसंच वाटतं. अरे, शांत तर दगडही बसतो! या देशात पोरं गप झाली की आपण त्यांना शहाणी म्हणतो. गिरण्यांतली माणसं गप झाली तेव्हा मालकही हेच म्हणाले होते. नलिनीबाईंनी जानकीच्या मागे उभं राहून त्याला दारातून पाहिलं. त्यांचं म्हणणं एवढंच की, याला लवकर परत मैनेकडे आणा, हे गप्प बसणं मुरू देऊ नका. पण आणणार कुठे? दवाखान्याकडे तू अर्ज केलास की घोडी बुजरी होती, असल्या घोडीवर पोराला बसवून बाईंनीच त्याची वाट लावली. त्या अर्जावर बाईंचं तबेल्यातलं काम बंद झालं. चंदूबरोबर येणारी बाकीची मुलंही घरी बसली. महादूला वराती मिळेनात, तो मैनेला विकायचं म्हणतो आहे. तिचं गिऱ्हाईक ठरलं की चंदूची वाट कायमची बंद.

सोमवारी दवाखान्यात तुझ्या अर्जाची चौकशी आहे. मला कुणी बोलावलेलं नाही. मी जाणार आहे आणि डोळ्यांनी पाहिलं ते सगळं सांगणार आहे, तुझ्या हातासकट. आयुष्यभर मी परक्यांविरुद्ध बोलले, सख्ख्या भावाविरुद्ध पहिल्यांदा उभी राहीन. हे तुला भर खोलीत अचानक ऐकावं लागू नये, म्हणून हे पत्र. तू ये. चंदूलाही आण. त्याने केलं ते बरोबर होतं, हे त्याच्या कानांवर पडेल असं कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं, आणि माझ्या तोंडून ते ऐकून त्याचं भागणार नाही. माझ्याआधी तू उठलास, गुणा, तर मी बोलणार नाही. माझं भाषण मी घरी घेऊन जाईन.

तुझीच बाय,
सुलक्षणा