नट तू आवळायचेस

डॅड,

नट नेमक्या जोरानं आवळायचा टॉर्क रेंच घेतला! आता तो घेतलेलाच नाही असं समज, म्हणजे कुठला घ्यावा यावर मला तुझा बहुमोल सल्ला विचारता येईल.

काट्याचा नको, कारण काटा वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा शोधायला मॉम लागते. बॅटरीवाला आपल्या डुलुथच्या थंडीत आपल्याआधी मरेल. म्हणून ठरवलेला जोर लागला की 'टक्' वाजणारा घ्यावा, असा तुझा सल्ला आला. शाब्बास! दांडाही चांगला लांब आहे, एकटा डावा हात पुरतो. मी उजवा खिशात घालून करून पाहिलं.

दुकानातला वॉल्ट म्हणाला, "आर्व्हिडला कशाला रेंच? तो तर हाताच्या अंदाजानं आवळतो!"

मी म्हटलं, "हॉस्पिटलमधून आल्यापासून अंदाज आजारपणाच्या रजेवर होता. आज कामावर रुजू होतोय."

हिवाळी टायरची चारही चाकं मी चढवलीत. गाडी जमिनीवर आहे, पण नट नुसते बसवलेत. रेंच शंभरावर लावलाय. समोरासमोरचे नट घेत जा. मॉमला चारला ड्यूटीवर निघायचंय आणि संध्याकाळी बर्फ सांगितलाय. गॅरेजवाल्याला मी बोलावलेलं नाही. गाडीची किल्ली रेंचच्या पेटीत आहे, म्हणजे मॉमला ती तुझ्याकडूनच घ्यावी लागेल.

तरी माननीय गॅरेजप्रमुखांना नम्र विनंती, की 'टक्' वाजल्यानंतर 'खात्रीसाठी' आणखी एक हिसका देण्याची आपली पिढीजात प्रथा आजपासून कायमस्वरूपी बंद करण्यात यावी.

टिल्डा