टाचेवरचा खूर

सोमवार, १० फेब्रुवारी
शनिवारच्या पानावर लिहिलंय : "मी वाकून ठसे पाहिले." चूक. मी पाहिले नाहीत. माझ्या वडिलांनी, आण्णांनी पाहिले, म्हणजे बोट फिरवून पाहिले. त्यांनी सांगितलं ते मी पंचनाम्यात लिहिलं, खाली दोघांच्या सह्या. वहीत तरी खरं असू दे.
झालं ते असं. गोविंदकाकांच्या हरभऱ्याच्या बांधाला बाभळीखाली हरणी मेलेली सापडली. गळ्यात तारेचा फास, मागची तंगडी कापून नेलेली. वनपालसाहेबांनी माग काढायला नेहमीसारखं आण्णांना बोलावलं, लिहायला मी सोबत. गाडीवाटेच्या फुफाट्यात हरणीचे खूर, आणि टायरच्या चपलेचे ठसे. डाव्या टाचेला तीन खिळे. ती चप्पल गोविंदकाकांची, गावात कुणीही सांगेल.
प्रश्न एवढाच होता : कोण आधी गेलं?
आण्णा म्हणाले, "माणूस नंतर. चप्पल खुरावर हाय. हाकीत नेलंय हिला फासाकडं."
गो.काका म्हणत होते, "आवो आण्णा, म्या सांजच्याला मोटर बंद कराया गेल्तो. हरीण न्हाय बघितलं म्या." त्यांना त्याच संध्याकाळी वनखात्यानं नेलं. गुरुवारी, वीस तारखेला, जामिनाची तारीख.

मंगळवार, ११ फेब्रु.
माग ओळखायच्या सरावासाठी त्या ठशांचे मोबाइलवर फोटो काढले होते. आज मोठे करून पाहिले. डाव्या टाचेचे सहा ठसे. चारांत खिळे दोनच. तिसऱ्याच्या जागी खुराची चीर.
म्हणजे खूर वर आहे. म्हणजे हरणी नंतर गेली.
सावली असेल म्हणून पुन्हा पाहिलं. पुन्हा. चीरच.
जागेवर जाऊन आले. ट्रॅक्टर फिरलेत, मेंढरं गेलीत. काही उरलं नाही. आता जे आहे ते फोटोत, आणि माझ्या सहीत.

बुधवार, १२
गिरणीवर सुमनकाकी भेटल्या. गो.काकांच्या मालकीणबाई. रांगेत पाच-सहा बाया. काकी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बापाचं बोट लागलं की माणूस आत. कोरट कशाला पायजे मग?"
कुणीतरी हसलं. मी डबा तिथंच ठेवून आले. मग परत जाऊन आणला, पीठ तर लागणारच.
शाळेत जायच्या आधी मला आण्णांनी फुफाट्यात शिकवलंय. उकिडवं बसवायचे. "खालचं आधीचं, वरचं नंतरचं. दहिवर पडून पापुद्रा धरला असंल तर रातचं. तुटली कड तर पळालंय." तरुणपणी ते शिकाऱ्यांच्या पुढं माग काढत चालायचे. शिकार कायद्यानं सुटली, माग सुटला नाही. आसपासच्या दहा गावांत चोरी झाली तरी आण्णांना बोलावतात. त्यांचं चुकलंय असं कधी...

गुरुवार, १३
वाईट काम केलं. लिहून ठेवते.
सकाळी विहिरीच्या वाटेवर मी स्वतः चालत गेले. नंतर त्याच पावलांवरून शेळी नेली. मग आण्णांना सहज म्हटलं, "इथून कोण गेलंय बघा की."
ते बसले. डोळे बारीक केले. मग बोट. माझ्या टाचेच्या कडेवरून बोट फिरलं, मध्ये शेळीचा खूर रुतलेला होता त्यावरून घसरून पुढं गेलं. मोठी कड बोटाला लागते, बारीक खूर निसटतो.
"शेळी आधी. माणूस नंतर."
मी म्हटलं, "व्हय."
खोटं बोलले. त्यांनी मला शिकवताना कधी खोटं सांगितलेलं आठवत नाही.

शुक्रवार, १४
आईला सांगितलं. भाकरी थापत होती, हात थांबला नाही. "मला ठावं हाय. दिवाळीपासनं ताट हातानं चाचपत्यात."
"मग बोलली का नाहीस?"
"काय बोलू? दवाखान्यात चला म्हणलं तर वसकन अंगावर आले. ह्या घरात तेवढंच नाव हाय त्यांचं."
दुपारी साहेबांचा फोन. आण्णांना कोर्टात सांगावं लागेल, तयारी करून घे म्हणाले. आता सांगावं असं झालं. "आवाज येत नाहीये" म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

शनिवार, १५
आण्णा अंगणात सुतळी वळत होते. मी पुढ्यातून जाताना म्हणाले,
"शेळी त्या वाटेनं कुणी न्हेली गं? आपली शेळी हिरीकडं जात न्हाय. बुजती."
"मी नेली."
"परीक्षा घेतली व्हय माझी?"
"व्हय, आण्णा."
सुतळीला एक पीळ दिला. मग, अगदी चेष्टेत विचारावं तसं, "पास का नापास?"
मी खाली पडलेले सुतळीचे तुकडे वेचायला लागले. तेच उत्तर झालं. ते उठले, खुंटीचा गमछा घ्यायला हात पुढं केला आणि खुंटी दोनदा चुकली. मी बघितलं हे त्यांनाही कळलं.


रविवार, १६
साहेबांसाठी अर्ज लिहिला. पहिल्यांदा लिहिलं, माझी लिहिण्यात चूक झाली. आण्णांचं नावच नाही. वाचताना बरं वाटलं, म्हणूनच फाडला. एक खोटं खोडायला दुसरं नको.
आता एवढंच : "वडिलांना स्पष्ट दिसत नाही. मी स्वतः न पाहता सही केली. फोटोत खूर टाचेवर आहे." फोटो येरमाळ्याहून छापून आणले, चारही.
आण्णांना वाचून दाखवला. ऐकून घेतलं. "गोविंदानं फास लावलाच न्हाय, असं लिहिलंस का?"
"नाही. ते मला माहीत नाही. काका हरणीच्या मागं नव्हते, एवढंच."
"हं. तेवढंच लिव्हायचं असतंय."
येता का, असं विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त जेवताना आईला म्हणाले, "माझं धुवट धोतर कुठं हाय?" आईनं माझ्याकडं बघितलं. कशाला हवंय, कुणी विचारलं नाही.
उद्या साहेब दौऱ्यावर आहेत, मंगळवारी धाराशिवच्या कचेरीत भेटतील. कोर्टाची तारीख गुरुवारी.
मंगळवार, १८ फेब्रुवारी. सकाळी सात-वीसची धाराशिव एसटी, येरमाळ्याच्या स्टँडवरून.